दोन धावांमधलं चालणं

एका धट्ट्याकट्ट्या माणसाला प्रयोगशाळेतल्या सायकलीवर बसवलं. सायकल जागच्या जागी, पण पायडलवर भक्कम विरोध लावलेला, मिनिटाला 2160 किलोग्रॅम-मीटर काम व्हावं इतका. म्हणजे साधारण 350 वॅट. सलग पायडल मारत राहिल्यावर हा माणूस नऊ मिनिटांत पार संपला. मग तोच माणूस, तीच सायकल, तोच विरोध; बदलली ती फक्त पद्धत. 30 सेकंद पायडल मारायचं, 30 सेकंद थांबायचं. अशा रीतीने तो पूर्ण तासभर टिकला. त्या तासात त्याने एकंदर अर्धा तास पायडल मारलं, म्हणजे सलग जेवढं जमलं होतं त्याच्या तिपटीहून अधिक काम केलं, आणि तास संपला तेव्हा तो गळून गेलेला नव्हता.

हा प्रयोग स्टॉकहोमचा. इर्मा आणि पेर-ओलोफ ऑस्ट्रांड हे शास्त्रज्ञ दांपत्य, त्यांचे ज्येष्ठ सहकारी एरिक होहवू क्रिस्टेन्सेन आणि हेडमन यांनी तो केला आणि 1960 मध्ये छापला. त्यातली पुढची गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते. त्यांनी विश्रांतीचा वाटा तेवढाच ठेवला, तुकडे मात्र लांबवले. 30 सेकंदांऐवजी तीन मिनिटं काम, तीन मिनिटं विश्रांती. तासाभरातलं काम तेवढंच आणि आरामही तेवढाच. तरी या वेळी तो माणूस कसाबसा तास पुरा करू शकला. साखर ऑक्सिजनशिवाय फुटताना लॅक्टेट तयार होतं; त्याच्या रक्तातलं ते मोजलं, तर 30 सेकंदांच्या तुकड्यांत ते 100 मिलिलिटर रक्तात 20 मिलिग्रॅमच्या आसपास राहिलं होतं आणि तीन मिनिटांच्या तुकड्यांत 120 पर्यंत चढलं होतं. सहापट! बेरीज एकच असताना शरीराने दोन अगदी वेगळी उत्तरं दिली. काम किती झालं याइतकंच ते कसं वाटून झालं, हेही शरीर मोजतं.

हे महागावच्या वाचकाला का सांगायचं? आर्णीकडून उमरखेडकडे जाणारा नागपूर–तुळजापूर महामार्ग महागावातून जातो. त्या महामार्गाच्या कडेने असो की पऱ्हाटी-तुरीच्या वावरांमधल्या पांदण रस्त्याने, भरतीच्या तयारीला लागलेली मुलंमुली पहाटे धावत असतात. पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी 50 गुणांची. त्यातले 20 गुण मुलांना 1600 मीटर धावण्याचे, मुलींना 800 मीटरचे. लष्कराच्या भरतीतही 1.6 किलोमीटरच धावायचं. या तयारीत एक समजूत खोलवर रुजलेली आहे: सुटायचं ते शेवटपर्यंत थांबायचं नाही, मध्ये जो चालला तो कच्चा. आठ दिवस छाती फुटेस्तोवर धावायचं, नवव्या दिवशी नडगी धरून बसायचं, मग पंधरा दिवस सुट्टी आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. चांगल्या पोरांचे महिनेच्या महिने या चक्रात जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण शंभर वर्षांचं शास्त्र नेमकं उलट सांगतं. मधलं चालणं हा सरावाचाच भाग आहे, आणि नवशिक्यासाठी तर तो सर्वांत मोलाचा.

आधी दम लागतो म्हणजे काय होतं ते पाहू. स्नायू आकसतो तो एटीपी नावाच्या रेणूच्या जोरावर. त्याचा शरीरातला साठा जेमतेम काही सेकंद पुरेल एवढाच. तो सतत नव्याने बनवावा लागतो. बनवायचे मार्ग तीन. पहिला, स्नायूतच असलेलं क्रिएटिन फॉस्फेट. हे तत्काळ मदतीला येतं, पण जोराच्या धावण्यात थोड्या सेकंदांत ओसरतं. दुसरा, साखर ऑक्सिजनशिवाय फोडणं. वेगवान, पण सोबत लॅक्टेट आणि आम्लता वाढवणारा. तिसरा, साखर आणि चरबी ऑक्सिजनच्या मदतीने जाळणं. हा मार्ग तासन् तास चालतो, फक्त त्याला वेग घ्यायला वेळ लागतो. तुम्ही पहिलं पाऊल टाकता तेव्हा स्नायूची मागणी त्याच क्षणी वाढते, पण फुप्फुसं, हृदय आणि स्नायू मिळून ऑक्सिजनचा पुरवठा पुरता वर यायला दोन-तीन मिनिटं जातात. तोवरची तूट पहिले दोन मार्ग भरून काढतात. सुरुवातीलाच सुसाट सुटणाऱ्याचा दम पहिल्या फेरीतच तुटतो तो यामुळे.

आता गंमत अशी की, ऑक्सिजनचा पुरवठा वर यायला जसा वेळ घेतो तसा खाली यायलाही घेतो. तुम्ही धावणं थांबवून चालू लागता, तरी छाती भात्यासारखी चालूच राहते. या वेळात येणारा जादा ऑक्सिजन क्रिएटिन फॉस्फेट पुन्हा बांधतो. त्याचा निम्मा साठा साधारण अर्ध्या मिनिटात परत येतो. स्नायूत मायोग्लोबिन नावाचं लाल रंगद्रव्य असतं, ते स्वतःपाशी थोडा ऑक्सिजन धरून ठेवतं. स्टॉकहोमच्या मंडळींचा कयास होता की 30 सेकंदांच्या तुकड्यात स्नायू या छोट्या साठ्यावरच बरंचसं भागवतो आणि थांबल्याबरोबर तो साठा भरून घेतो. ज्यांच्या शेतात विहीर आहे त्यांना हे चटकन कळेल. उन्हाळ्यात पंप सलग चालवला की विहीर तळ गाठते आणि काम ठप्प होतं. थोडा उपसा करून पंप बंद ठेवला की झरे पाणी भरतात, आणि दिवसाअखेर त्याच विहिरीतून कितीतरी जास्त ओलीत होतं.

थांबण्यापेक्षा चालणं बरं, यालाही शरीरातलंच कारण आहे. जोरात धावताना पायांकडे प्रचंड रक्त वळलेलं असतं. ते परत वर चढवण्याचं काम एकट्या हृदयाचं नाही. पोटऱ्यांचे स्नायू दर पावलाला आवळतात, शिरा दाबल्या जातात, शिरांमधल्या झडपा रक्ताला मागे फिरू देत नाहीत आणि रक्त वर ढकललं जातं. धावणारा एकदम उभा राहिला की ही व्यवस्था बंद पडते, रक्त पायातच साचतं, डोक्याला कमी पडतं आणि माणूस चक्कर येऊन खाली बसतो. शर्यतीच्या रेषेपलीकडे धडधाकट पोरं पडताना दिसतात त्याचं हे एक नेहमीचं कारण. शिवाय चालत राहिल्याने रक्तातलं लॅक्टेटही नुसतं बसण्यापेक्षा लवकर कमी होतं, कारण हलके हलणारे स्नायू आणि हृदय ते इंधन म्हणून वापरून टाकतात. ज्याला आपण थकव्याचा कचरा समजत होतो ते हृदयाचं खाद्य निघालं!

तुकड्यातुकड्याने धावण्याची ही रीत शिस्तीत बसवली ती जर्मनीतल्या दोघांनी. वोल्डेमार गेर्शलर हे प्रशिक्षक आणि हर्बर्ट राइंडेल हे हृदयाचे डॉक्टर. त्यांचा नियम सोपा होता. थोडं अंतर जोरात धावायचं, नाडी मिनिटाला 180 च्या आसपास जाऊ द्यायची, मग ती 120 वर उतरेपर्यंत सावकाश हालचाल करायची. दीड मिनिटात नाडी 120 वर आली नाही, तर अंतर जास्त आहे किंवा वेग जास्त आहे, कमी करा. राइंडेल यांचं म्हणणं होतं की हृदयाचा खरा व्यायाम या मधल्या उतारावर होतो. नाडी खाली येत असते, पण पायांकडून येणारं रक्त अजून भरपूर असतं, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला हृदय जास्त भरतं आणि जास्त ताणलं जातं. आजचे शास्त्रज्ञ सगळं श्रेय या मधल्या वेळाला देत नाहीत. मधल्या विसाव्यामुळे जोरातलं काम एकूण जास्त वेळ करता येतं, हे ते अधिक महत्त्वाचं मानतात. दोन्ही बाजूंनी हिशेब एकाच जागी येतो.

गेर्शलर यांचा शिष्य रुडॉल्फ हारबिग याने 1939 च्या जुलैत मिलानला 800 मीटर 1 मिनिट 46.6 सेकंदांत पार केले. तो विश्वविक्रम 1955 पर्यंत, सोळा वर्षं, कुणाला मोडता आला नाही. मग आला चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक, जो एकेका दिवसात 400 मीटरचे ढीगभर तुकडे धावायचा आणि मधलं अंतर हळू पार करायचा. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने 5,000 मीटर, 10,000 मीटर आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदकं घेतली. ती मॅरेथॉन त्याच्या आयुष्यातली पहिली होती.

हे झाले अव्वल धावपटू. सामान्य माणसाला उघडपणे चालायची मुभा दिली ती अमेरिकेच्या जेफ गॅलोवे यांनी. ते स्वतः 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये धावलेले. 1974 मध्ये फ्लोरिडात कधीच न धावलेल्या लोकांचा वर्ग त्यांच्याकडे आला, तेव्हा त्यांनी सुरुवातीपासूनच धावण्यात चालण्याचे टप्पे घातले. दमल्यावर चालायचं नाही, दमण्याआधी चालायचं, हा त्यांचा मुद्दा. पुढे जर्मनीत कुनो होटेनरोट आणि सहकाऱ्यांनी हौशी धावपटूंचे दोन गट करून त्यांना मॅरेथॉन धावायला लावली आणि निष्कर्ष 2016 मध्ये छापले. एक गट सलग धावला, दुसरा दर अडीच किलोमीटरला मिनिटभर चालला. सलग धावणाऱ्यांची सरासरी वेळ 4 तास 7 मिनिटांच्या पुढे, मधे चालणाऱ्यांची 4 तास 14 मिनिटांच्या आसपास. 42 किलोमीटरमध्ये फरक अवघ्या सात मिनिटांचा! हृदयावरचा ताण दोन्ही गटांत सारखाच दिसला, पण मधे चालणाऱ्यांचे स्नायू कमी दुखले आणि थकवाही कमी जाणवला.

खरं तर चालणं आणि धावणं मिसळणं ही माणसाची उपजत चाल आहे. चालताना आपलं शरीर ताठ पायावरून लंबकासारखं झुलतं आणि दर पावलाला बरीच ऊर्जा वाचवतं. धावताना टाचेच्या वरची जाड दोरी, अकिलीसची कंडरा, ताणली जाते आणि सुटताना साठवलेली ऊर्जा परत देते. ताशी सात किलोमीटरच्या आसपास चालणंही अवघड वाटतं आणि धावणंही. 2013 मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठातल्या मनोज श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्याने लोकांना ठरावीक अंतर ठरावीक वेळात गाठायला सांगितलं, कसं जायचं ते सांगितलं नाही. या अधल्यामधल्या वेगांना लोक आपोआप थोडं चालू लागले आणि थोडं धावू लागले. गणिताने पाहिलं तर ऊर्जा वाचवायची हीच रीत निघाली. शाळेला उशीर झालेलं कुठलंही पोर हे न शिकता करतं. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत असाच चालत-धावत जायचा, कारण गावातून वाहनाची सोय नव्हती. 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3,000 मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्यपदक घेतलं. सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकलं. आणि आळंदीहून पंढरपूरला निघालेली माउलींची पालखी दिवसचे दिवस पायी चालते, पण वेळापूरच्या अलीकडे सारे वारकरी धाव घेतात. तुकोबांना तिथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. म्हातारीकोतारीसुद्धा त्या धाव्यात असतात, आणि त्यांना ते जमतं, कारण आधीचे सगळे दिवस ती चाललेली असतात.

आता शरीराच्या आत काय उभं राहतं ते पाहा. माझ्या मते सगळ्यात थक्क करणारा भाग हाच. पहिल्या आठवड्यातच रक्तातलं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, वाढतो. हृदयात जास्त रक्त येतं, म्हणून दर ठोक्याला जास्त बाहेर पडतं. बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फिरवतं. जोराच्या श्रमात साध्या माणसाचं 20 लिटरपर्यंत जातं आणि अव्वल धावपटूचं 35 लिटरच्याही पुढे. सराव मुरला की विश्रांतीतली नाडी उतरते. 72 ची 60 झाली, तर दिवसाकाठी सतरा हजारांहून अधिक ठोके वाचतात. स्नायूंच्या तंतूंभोवती नव्या केशवाहिन्या फुटतात. आणि पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रिया, जिथे ऑक्सिजनने इंधन जळतं, त्या वाढतात. हे पहिल्यांदा ठामपणे दाखवलं जॉन होलोझी यांनी 1967 मध्ये. त्यांनी उंदरांना बारा आठवडे धावतं ठेवलं आणि त्यांच्या पायांच्या स्नायूंतली ऑक्सिजन वापरण्याची क्षमता दुप्पट झालेली आढळली.

पण सगळं शरीर एकाच वेगाने बदलत नाही. रक्त दिवसांत बदलतं, स्नायू आठवड्यांत, कंडरा आणि हाडं मात्र महिने घेतात. महिन्याभरात दम वाढतो, पोराला वाटतं आता कितीही धावावं, आणि नडगीचं हाड अजून तयार नसतं. धावताना दर पावलाला वजनाच्या दोन-तीन पट भार जमिनीवरून पायात येतो. चालताना तो वजनाहून जेमतेम थोडा जास्त असतो. मधली चाल हाडांना ही सवलत देते. डांबरी रस्त्यापेक्षा पांदण किंवा मैदान बरं, तेही याच कारणाने.

भरतीच्या मुलांसाठी एक गोष्ट ठासून सांगायला हवी. 1600 मीटर ही वेगाची शर्यत वाटते, पण पाच-सहा मिनिटांच्या अशा धावेत जवळजवळ चार-पंचमांश ऊर्जा ऑक्सिजनच्या मार्गाने येते. मुलींच्या 800 मीटरमध्येही निम्म्याहून जास्त. म्हणजे परीक्षा दमाचीच आहे. आधी दोन-तीन महिने पाया घाला. एक मिनिट हळू धावा, दोन मिनिटं झपझप चाला, असं दहा वेळा केलं की अर्धा तास होतो. धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. येत नसेल तर वेग जास्त आहे. आठवड्यातून तीन-चार दिवस पुरे. जमू लागलं की धावण्याची मिनिटं वाढवा, चालण्याची कमी करा, घाई न करता. वीस मिनिटं सलग सहज धावता येऊ लागली की मग जोराचे तुकडे घ्या: 400 मीटर, नंतर नाडी उतरेपर्यंत चाल. मनगटावर बोटं ठेवून दहा सेकंद ठोके मोजा; वीस झाले की नाडी 120 वर आली, पुढचा तुकडा सुरू करा. असे चार ते सहा तुकडे, आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. पाच मिनिटं दहा सेकंदांत 1600 मीटर करायचे तर एक 400 साडेसत्त्याहत्तर सेकंदांत पडतो; हे मनात ठेवा, पण पहिल्याच दिवशी त्यामागे लागू नका. पन्नाशीतल्या माणसाला हा शेवटचा भाग लागतच नाही. मिनिट धावणं आणि दोन मिनिटं चालणं एवढ्यावरही त्याचं हृदय सुधारतं. मधुमेह, रक्तदाब किंवा छातीत दुखण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

दोन धोके आपल्या भागाचे खास आहेत. एक ऊन. यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा 42-45 अंशांवर जातो. धावताना जाळलेल्या ऊर्जेतली तीन-चतुर्थांशाहून अधिक उष्णता म्हणूनच बाहेर पडते, आणि हवा अंगापेक्षा गरम असली की घामाशिवाय ती घालवायचा मार्ग उरत नाही. जून 2014 मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना तरुण उमेदवार दगावले. उन्हाची सवय लागायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत सराव संपवा, तुकडे लहान करा आणि चालण्याची मिनिटं वाढवा.

दुसरा धोका सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा. विदर्भात, विशेषतः आदिवासी आणि इतर काही समाजांत, त्याचे वाहक बरेच आहेत. वाहकाला रोजच्या जगण्यात सहसा काहीच जाणवत नाही आणि तो चांगला खेळाडूही होऊ शकतो. पण उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना, विसावा न घेता जीव तोडून धावला तर रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन माणूस कोसळू शकतो. अशा मुलामुलींना दोन तुकड्यांमध्ये भरपूर वेळ चालू देणं हाच सर्वांत मोठा बचाव आहे. आपण वाहक आहोत हे माहीत असेल तरच हा बचाव करता येतो, म्हणून सराव सुरू करण्याआधी जवळच्या सरकारी दवाखान्यात सिकलसेलची तपासणी करून घ्या. ती मोफत होते.